बंदुकीची माशी

बंदुकीच्या नळीवर दोन क्षुल्लक वस्तू बसविलेल्या असतात. तोंडाशी, अगदी टोकाला, एक लहानसा उंचवटा असतो. नळीवर माशी येऊन बसावी तसा तो दिसतो, म्हणून मराठीत त्याला माशीच म्हणतात. दुसरी वस्तू मागे, नेम धरणाराच्या डोळ्याच्या बाजूस असते. हा एक ठोकळा किंवा उभे पाते असून त्याच्या माथ्यावर खाच पाडलेली असते. फारसी व उर्दूत या साधनाला दीदबान असा भारदस्त शब्द आहे. दीदबान म्हणजे पहारेकरी, टेहळ्या. माशी आणि पहारेकरी या दोन शब्दांत थट्टा आणि रुबाब यांचे जे अंतर आहे, ते या वस्तूच्या इतिहासातही सापडते. दारू कोणती, नळी कोणाच्या घडणीची, पोलाद कोठले, याविषयी लोक पिढ्यानपिढ्या बोलत आले. माशीकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष गेले. ठासणीच्या बंदुकीच्या काळात शिकाऱ्याचे यश, जनावराचे मरण आणि कित्येकदा वाट्याने चाललेल्या एखाद्या गरीब माणसाचा जीव या यवाएवढ्या धातूच्या तुकड्यावर अवलंबून असे.

या कथेसाठी बंगळूरसारखे दुसरे ठिकाण मिळणे कठीण. केंपेगौडाने १५३७ च्या सुमारास वसविलेले हे गाव १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी घेतले आणि शहाजीराजांच्या जहागिरीत दिले. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे तेथे मराठ्यांचा अंमल होता. १६८७ मध्ये ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांकडे गेले. त्यानंतर हैदर व टिपू यांची शस्त्रशाळा, इंग्रजांची छावणी आणि दक्षिणेतील शिकारीच्या रानांचा उंबरठा अशी तीन रूपे या शहराने धारण केली. तिन्ही रूपांत बंदूक होती, आणि प्रत्येक वेळी तिच्यावरची माशी निराळी होती.

प्रथम या माशीचे काम काय ते पाहिले पाहिजे. नळीतून सुटलेली गोळी सरळ रेषेत जाते असे पाहणाऱ्याला वाटते, पण ती तशी जात नाही. तोंडातून बाहेर पडल्या क्षणापासून ती हातातून सुटलेल्या दगडासारखी खाली पडू लागते. काळ्या दारूच्या चांगल्या बंदुकीतून निघालेली गोळी शंभर वार अंतर तोडावयास सुमारे पाव सेकंद घेते, आणि पाव सेकंदात कोणतीही वस्तू एक फूट खाली येते. दोनशे वारांस अर्धा सेकंद लागला असे धरले तरी पडण्याचे मान चार फुटांवर जाते. कारण काळ दुप्पट झाला की पडणे चौपट होते. वास्तविक हवेच्या अडथळ्यामुळे गोळीचा वेग सारखा मंदावत असतो, तेव्हा हा हिशेबही तिला झुकते माप देणाराच आहे. मागचा ठोकळा माशीपेक्षा थोडा उंच ठेवावयाचा तो यासाठीच. डोळ्याने सरळ पाहिले तरी नळीचे तोंड किंचित वर उचललेले राहते आणि गोळी कमान टाकून लक्ष्यावर उतरते. शंभर वारांसाठी अशी योजना केली तर पन्नास वारांवरचे जनावर दोन-तीन इंच वर लागते. त्याने फारसे बिघडत नाही. पण तेच जनावर दीडशे वारांवर असले तर गोळी वीतभर किंवा त्याहूनही अधिक खाली जाते, आणि छातीऐवजी पाय मोडतो. या ‘फारसे बिघडत नाही’ आणि ‘पाय मोडतो’ यांच्यामध्ये शिकाऱ्याची सारी विद्या आहे.

दुसरा हिशेब बाजूच्या चुकीचा. माशी आणि खाच यांच्यात दोन फुटांचे अंतर आहे आणि माशी खाचेच्या मध्यापासून इंचाचा विसावा भाग, म्हणजे मूगभरही नव्हे, सरकली आहे असे समजा. शंभर वारांवर ही चूक साडेसात इंचांची होते. हेच अंतर चाळीस इंच असेल तर ती साडेचार इंचांवर येते. हिंदुस्थानातील जुन्या तोड्याच्या बंदुकांची नळी माणसाच्या छातीपर्यंत पोहोचेल इतकी लांब का असे, याचे एक कारण या त्रैराशिकात सापडते. लांब नळीत दारूला पूर्ण जळावयास अवसर मिळे हे खरेच. पण माशी डोळ्यापासून दूर गेल्याने नेमही बारीक होई.

ही तोड्याची बंदूक पुष्कळांना रानटी हत्यार वाटते. पेटता तोडा कळीला अडकवायचा, कानात रंजक भरायची, मग बार उडेपर्यंत डोळा न लववता थांबायचे, असा तिचा संथ कारभार. परंतु संग्रहालयांत जे जुने नमुने आहेत ते लक्षपूर्वक पाहिले तर दिसते की, त्यांच्यावर माशी आहे आणि मागे चांगला उंच, रुंद खाचेचा ठोकळाही आहे. कित्येकांवर ही माशी वाघाच्या किंवा दुसऱ्या जनावराच्या मुखाच्या आकाराची केलेली असते. अकबराच्या ‘संग्राम’ नावाच्या आवडत्या बंदुकीची कीर्ती अबुल फजलने लिहून ठेवली आहे. १५६८ मध्ये चितोडच्या वेढ्यात जयमल राठोडाला लागलेली गोळी याच बंदुकीची, असे तो सांगतो. आणि हजारावर जनावरे तिने पडली असा हिशेबही देतो. बादशहाचा चरित्रकार स्तुतीत हात आखडता घेणार नाही हे उघडच आहे, तथापि एकाच बंदुकीला नाव देऊन तिच्या नेमाचा हिशेब ठेवला जात होता, एवढी गोष्ट तरी खरी. ही एकेका माणसाची, एकेका नेमाची बंदूक होती.

युरोपातील पायदळाची बंदूक नेमकी याच्या उलट होती. अठराव्या शतकात इंग्रजांच्या पलटणींनी ज्या चकमकीच्या बंदुकीवर लढाया मारल्या, तिच्या नळीवर मागे खाच नव्हतीच. पुढे संगीन अडकविण्यासाठी जो खुंटा असे, तोच माशीचे काम करी. नेम धरणे हे शिपायाचे काम नव्हते. खांद्याला खांदा लावून उभे राहायचे, हुकूम झाला की बंदूक समोर रोखून एकदम बार काढायचा, आणि धूर निवळण्यापूर्वी पुन्हा ठासायला लागायचे, एवढेच त्याला शिकविलेले असे. गुळगुळीत नळीत सैलसर बसणारी गोळी बाहेर पडताना कोणत्या कडेला घासून निघेल याचा नेम नसे. मग माशी असली काय आणि नसली काय!

या गोळीच्या वेड्यावाकड्या चालीचे शास्त्र ज्याने प्रथम मांडले, तो पुरुष दक्षिण हिंदुस्थानातच देह ठेवून गेला, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात नसते. बेंजामिन रॉबिन्स हा इंग्रज गणिती. १७४२ मध्ये त्याने तोफविद्येवर ग्रंथ लिहिला, लोंबकळत्या ठोकळ्यावर गोळी मारून तिचा वेग मोजण्याची युक्ती काढली, आणि हवेचा अडथळा पूर्वी समजत होते त्यापेक्षा कितीतरी प्रचंड आहे हे दाखविले. गोळी स्वतःभोवती कशीही फिरत गेली तर बाजूला वळते. नळीच्या आत आटे पाडून तिला तिच्या मार्गाच्याच आसाभोवती फिरविले तर ती सरळ राहते, हे त्याने १७४७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे विशद केले. ज्या राष्ट्राला आट्यांच्या बंदुकीचे मर्म आधी कळेल त्याचे सैन्य इतरांना भारी ठरेल, असे त्याचे भाकीत होते. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने त्याला आपल्या किल्ल्यांचा मुख्य इंजिनियर नेमले. १७५० मध्ये तो मद्रासच्या किनाऱ्यावर उतरला आणि दुसऱ्याच वर्षी कडलूरजवळच्या सेंट डेव्हिडच्या किल्ल्यात मरण पावला. त्याचे भाकीत खरे ठरावयास शंभर वर्षे लागली.

टिपू सुलतानाने बंगळुरात कारखाना घातला तेव्हा त्याच्यापुढे हे दोन्ही नमुने होते: देशी तोड्याची बंदूक आणि फिरंगी पलटणीची चकमकीची बंदूक. श्रीरंगपट्टण, बंगळूर, चित्रदुर्ग व नगर येथे त्याच्या शस्त्रशाळा होत्या. त्यांना तारामंडल म्हणत. बंगळूरच्या जुन्या पेठेतील तारामंडलपेठ हे नाव त्याच काळाची खूण आहे. टिपूची नजर फ्रेंचांकडे होती. १७८८ मध्ये त्याचे वकील सोळाव्या लुईच्या दरबारी गेले, त्यांच्या मागण्यांत कसबी कारागिरांची मागणी ठळक होती. त्याच्या खास बंदुकांवर ‘सरकारे खुदादाद’ ही अक्षरे, त्याने स्वतः चालू केलेल्या मौलुदी सनाचा आकडा आणि सर्वत्र वाघ दिसतो. नळीवर वाघाचे पट्टे आहेत, कित्येकदा चकमकीचा घोडाही वाघाच्याच आकाराचा घडविलेला आहे. १७९९ नंतर यांतल्या पुष्कळशा बंदुका लुटीच्या वाटणीत इंग्लंडला गेल्या आणि आज विंडसरच्या राजसंग्रहात व इतरत्र पाहावयास मिळतात. कारागिरी इतकी सुबक आहे की युरोपीय घडणीशी ती खुशाल ताडून पाहावी.

पण राजाची शिकारीची बंदूक निराळी आणि शिपायाची निराळी. कवायती पायदळ उभारावयाचे म्हणजे एकाच मापाच्या, झटपट भरता येणाऱ्या चकमकीच्या बंदुका हव्यात, आणि त्या फ्रेंच व इंग्रजी नमुन्यांवर घडू लागल्या की त्यांबरोबर मागची खाच गेली. नव्या हत्याराने बाराचा वेग वाढला, बार ओलसर हवेतही अधिक खात्रीने उडू लागला. आणि एकेका माणसाने नेम धरण्याची जुनी रीत मागे पडली. तोड्याची बंदूक वापरणारे बेडर वगैरे लढवय्ये लोक टिपूच्या फौजेत होतेच. किल्ल्याच्या तटाआडून, खडकाच्या कपारीतून, त्यांची लांब नळीची बंदूक कवायती शिपायाच्या बंदुकीपेक्षा दूरवर मार करी. सुधारणा म्हणून जे आले त्यात एक चांगली गोष्ट गमावली गेली, याची दखल त्या काळी कोणी घेतलेली दिसत नाही.

१७९१ च्या मार्चमध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसची फौज बंगळूरवर आली. ७ मार्चला पेठ पडली, २१ तारखेच्या रात्री किल्ल्याला खिंडार पाडून हल्ला झाला आणि किल्लेदार बहादूरखान लढता लढता पडला. त्याच महिन्यांत इकडे धारवाडला परशुरामभाऊ पटवर्धन सहा महिन्यांहून अधिक काळ वेढा घालून बसले होते. त्यांच्या मदतीस आलेल्या इंग्रजी तुकडीतील एडवर्ड मूर याने या वेढ्याचे वर्णन १७९४ मध्ये छापले. ते वाचून मराठी माणसाला हसू येते आणि थोडी शरमही वाटते. तोफ भरायची, मग सारी मंडळी खाली बसून अर्धा तास गुडगुडी ओढीत गप्पा मारणार. नंतर बार काढायचा. समोर धुळीचा चांगला लोट उठला की काम फत्ते. पुन्हा तोफ भरून पुन्हा गुडगुडी. दुपारी एक ते तीन दोन्ही बाजूंच्या तोफा बहुधा गप्पच, कारण ती जेवणाची वेळ! मूर हा परका आणि थट्टेखोर लेखक असल्याने त्याच्या म्हणण्याला थोडी काट द्यावी लागेल. तथापि धुळीचा लोट मोठा उठला म्हणजे नेम बरोबर लागला, ही समजूत काही धारवाडच्या मोर्चाबरोबर संपली असे नाही. मे १७९१ च्या अखेरीस, कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणहून आपल्या जड तोफा फोडून माघारी फिरला असता, मेलुकोट्याजवळ हरिपंत फडके व परशुरामभाऊ यांच्या फौजा त्याला मिळाल्या आणि मराठ्यांच्या बाजाराने त्याची उपाशी छावणी जगविली. हा भाग सर्वश्रुत आहे.

टिपूचा शेवट झाल्यावर दहा वर्षांनी, १८०९ मध्ये, बंगळुरास इंग्रजांची छावणी पडली. हवा थंड, पगार बरा, आणि दोन-तीन दिवसांच्या मजलीवर कावेरीकाठची, बिळिगिरिरंगनच्या डोंगरांची आणि पुढे निलगिरीच्या पायथ्याची घनदाट राने. छावणीतील अधिकारी रजा मिळाली की बंदूक घेऊन निघे. पुढे चकमक जाऊन तिच्या जागी तांब्याच्या टोपीवर उडणारा बार आला. नळीत आटे आले होते. आणि आता प्रथमच माशीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला. कारण गोळी जेथे पाहिजे तेथे जाऊ शकत होती, तिला तेथे पाठविण्याचे काम डोळ्यावर आले होते.

विलायतेतले बंदूकवाले अशा रायफलीवर मागच्या बाजूला एकामागून एक दुमडती पाती बसवून देत. शंभर वारांचे एक पाते, दोनशेचे दुसरे, तीनशेचे तिसरे. दुकानात ती फार शास्त्रीय दिसत. सिंधमध्ये जनरल जॉन जेकब याने तर आपल्या दुनळी रायफलीवर दोन हजार वारांपर्यंतच्या खुणा असलेले उंच पाते बसविले आणि जेकबाबादच्या ओसाड वाळवंटात त्याचे प्रयोग केले. जेथे क्षितिजापर्यंत एक झुडूप नाही, तेथे ते शोभते. पण म्हैसूरच्या रानात, बांबूच्या बेटांतून आणि कमरेएवढ्या गवतातून गवा किंवा सांबर दिसते ते तीस-चाळीस वारांवर, आणि तेही तीन-चार श्वासांपुरतेच. हत्तीवर तर दहा-पंधरा पावलांवरून गोळी घालावी लागे. अशा वेळी अंतर अजमावून पाते उभे करीत बसणारा शिकारी एक तर जनावर घालवून बसे, किंवा गडबडीत तीनशेचे पाते उभे राहून गोळी जनावराच्या पाठीवरून निघून जाई.

या दुकानी शास्त्राला जोरदार उत्तर मिळाले ते मध्यप्रांतातून. जेम्स फॉरसाइथ हा तरुण लष्करी अधिकारी निमाडात जमाबंदीच्या कामावर होता. पचमढीच्या पठारावर त्याने बांधलेला बंगला प्रसिद्ध आहे. १८६३ मध्ये त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या या विषयावर पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, रानात अंतर अजमावण्याची वेळच येऊ देऊ नये. नळीतील आटे अगदी सावकाश वळणारे आणि उथळ ठेवावेत, गोळी वाटोळीच असावी आणि दारू भरपूर घालावी. घट्ट आट्यांच्या नळीत दारू वाढविली तर गोळी आटे सोडून तशीच सरळ निसटते. सावकाश आट्यांत ती निसटत नाही, वेग वाढतो, कमान चपटी होते, आणि शंभर वारांच्या आत कोठेही जनावर असो, एकाच खाचेने काम भागते. लांबट टोकदार गोळीच्या त्या नव्या युगात वाटोळ्या गोळीचा कैवार घेणारा हा मनुष्य जुनाट ठरविला गेला असता. पण हिंदुस्थानच्या रानापुरते त्याचे गणित बरोबर होते. १८७१ मध्ये, ऐन तारुण्यात, तो वारला.

अशा रायफलीवर माशी कोणती निवडावी? काळवंडलेल्या लोखंडाची बारीक माशी उघड्या माळावर, उन्हात, काळविटावर चांगली. रानाच्या सावलीत तीच माशी सांबराच्या गर्द अंगावर दिसेनाशी होते. म्हणून हस्तिदंताचा किंवा चांदीचा मणी बसवीत. चांदी चमकते, पण त्या चमकण्यातच धोका असतो. उजवीकडून ऊन आले की मण्याची उजवी कड लखलखते. डोळा त्या चकाकीलाच मणी समजून तिला खाचेच्या मध्यावर आणतो, आणि बंदूक नकळत डावीकडे वळते. गोळी नेहमी उजेडापासून दूर पळते, असा शिकाऱ्यांचा अनुभव आहे तो यामुळे. हस्तिदंत इतके फसवीत नाही, पण ते ठिसूळ असते. खाली उतरताना बंदूक एकदा खडकावर आपटली की मणी गेला. संध्याकाळची तऱ्हा आणखी निराळी. उजेड कमी झाला की माशी नीट दिसावी म्हणून शिकारी ती खाचेतून अधिक वर काढून पाहतो. माशी वर निघाली म्हणजे नळीचे तोंड वर आले, आणि गोळी पाठीवरून गेली. तिन्हीसांजेला चुकलेले बहुतेक बार वरून चुकलेले असतात. रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसणारे गावकरी शिकारी माशीला कापसाचा बोळा बांधीत किंवा चुन्याचे बोट लावीत. खर्च काही नाही, आणि चांदण्यात त्यापेक्षा उत्तम माशी विलायतेलाही मिळत नव्हती.

मागच्या खाचेविषयी उलटाच अनुभव होता. ती जितकी बारीक व खोल, तितकी कागदावरच्या निशाणाला उपयोगी. आणि जितकी रुंद व उथळ, तितकी रानात. माणसाच्या डोळ्याला खाच, माशी आणि जनावर ही तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसू शकत नाहीत. तिन्ही निरनिराळ्या अंतरांवर असतात. तरुणपणी डोळा इतक्या झपाट्याने एकीकडून दुसरीकडे जातो की हे ध्यानात येत नाही. चाळिशी उलटली की खाच धुरकट होते. मग एकच उपाय, खाचेचा ठोकळा नळीवर चार-सहा बोटे पुढे सरकवायचा. माशीचे व खाचेचे अंतर कमी होऊन नेम थोडा जाड होतो खरा, पण अजिबात न दिसणाऱ्या खाचेपेक्षा तो बरा. छिद्रातून पाहण्याचे दीदबानही होते. त्यात खाच पाहावीच लागत नाही, म्हणून वृद्ध डोळ्यांना ते मोठे सुखाचे. परंतु बारीक छिद्र रानातला उजेड गिळून टाकते, आणि पावसाचा एक थेंब त्यात अडकला की सारेच आंधळे. बंदूक घरी आणून माशी जुळविण्याचे काम कानशीने करीत. गोळी खाली लागत असेल तर माशी घासून ठेंगणी करायची, वर लागत असेल तर नवी उंच माशी बसवायची. डावे-उजवे साधायचे असेल तर खाचेचा ठोकळा ज्या बाजूला गोळी न्यायची त्या बाजूला हलकेच ठोकायचा. हे काम सावकाशीचे. एक कानस जास्त फिरली की सगळे पहिल्यापासून.

या साऱ्या बारकाव्यांना महत्त्व कशाने येते? ठासणीच्या बंदुकीत दुसरा बार लगेच नसतो. दारू ओतायची, गोळी कापडात गुंडाळून तोंडात बसवायची, गजाने ठासत तळाशी न्यायची, टोपी चढवायची. तोवर पहिल्या बाराचा पांढरा धूर डोळ्यांपुढून हटलेला नसतो आणि जखमी जनावर झाडीत शिरलेले असते. त्याचा माग काढण्यासाठी पुढे कोण जाई? साहेब मागे, भरलेल्या बंदुकीनिशी. आणि पुढे रक्ताचे थेंब शोधीत वाकून चालणारा कुरुब किंवा सोलिग, हातात फार तर कोयता. म्हैसूर सरकारच्या हत्तीखेड्यांमुळे नाव झालेल्या सँडरसनने १८७८ मध्ये छापलेल्या आपल्या अनुभवांत या मागकाढ्यांच्या कौशल्याची मनापासून वाखाणणी केली आहे. जे जनावर निसटे ते निराळाच हिशेब चुकता करी. वाघ नरभक्षक का होतो, याचे कारण बहुधा जुनी जखम असते, असे कुमाऊंच्या अनुभवावरून जिम कॉर्बेटने १९४४ मध्ये लिहिले. आणि बंगळुरातच आयुष्य घालविलेल्या केनेथ अँडरसनच्या शिकारकथांतही अशी जखमी होऊन माणसांवर उलटलेली जनावरे वारंवार भेटतात. कानशीचा एक हात चुकला त्याची किंमत कोसभर पलीकडच्या पाड्यातील गुराख्याने चार वर्षांनी द्यावी, असा हा व्यवहार होता.

१८५७ चा उठाव झाला आणि माशीचा प्रश्न शिकारीच्या रानातून उठून राजकारणात आला. काडतुसांमुळे बदनाम झालेली १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल आट्यांची होती आणि तिच्यावर शेकडो वारांच्या खुणांचे, वर-खाली सरकणारे दीदबान होते. उठाव मोडल्यावर हिंदी पलटणींसाठी नवा नमुना निघाला. बाहेरून ती तीच एन्फील्ड. पण आतले आटे खरवडून नळी गुळगुळीत केलेली, आणि मागचे खुणांचे पाते काढून त्याच्या जागी एका खाचेचा न हलणारा ठोकळा बसविलेला. दुरून पाहणाऱ्याला फरक कळू नये, पण हातात धरणाऱ्याला तो प्रत्येक बाराला कळावा, अशी ही योजना होती. हिंदी शिपायाने गोरा शिपाई नेमतो तितक्या दूर नेम धरू नये, असे सरकारने ठरविले, आणि ते कायद्याच्या पुस्तकात न लिहिता नळीवर लिहिले. पुढेही बराच काळ गोऱ्या पलटणींच्या हाती नवे हत्यार आले म्हणजे त्यांचे जुने हिंदी पलटणींकडे येई.

प्रजेची हत्यारे काढून घेण्याचा कायदाही त्याच सुमाराचा. त्याला एक अपवाद झाला, आणि तो बंगळुराहून झाला. म्हैसूर व कोडगूचा कमिशनर सर मार्क कबन याने फेब्रुवारी १८६१ मध्ये जाहीर केले की, कोडगूच्या लोकांना निःशस्त्रीकरणाच्या कायद्यातून वगळले आहे. १८३४ पासून म्हैसूरचा कारभार पाहणारा हा वृद्ध अधिकारी त्यानंतर दोनच महिन्यांत, मायदेशी जाताना, सुएझ येथे मरण पावला. ही सवलत कोडगूंच्या राजनिष्ठेचे बक्षीस म्हणून दिलेली होती, हे विसरता येत नाही. शेजारच्या रयतेच्या घरातून बंदुका गोळा होत असताना ती मिळाली. तरीही तिच्यामुळे एक गोष्ट टिकली. इतरत्र जी ठासणीची बंदूक अडगळीत गेली किंवा चोरून वापरली जाऊ लागली, ती कोडगूत घरातल्या देवासारखी राहिली. स्वातंत्र्यानंतरही सवलत चालू राहिली. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ती आणखी दहा वर्षांसाठी वाढविली.

कोडगूत मूल जन्मले की बंदुकीचा एक बार काढतात आणि माणूस गेला की दोन. भाताची लावणी आटोपली की सप्टेंबराच्या आरंभी कैलपोळ्द नावाचा सण येतो. त्या दिवशी घरातली हत्यारे स्वच्छ करून मांडतात, त्यांना गंध लावतात आणि बंदुकीच्या नळीच्या तोंडात कळलावीचे लाल-पिवळे फूल खोवतात. कोडगूंच्या भाषेत त्या फुलाचे नावच बंदुकीचे फूल असे आहे. लावणीच्या दिवसांत बंद असलेली हत्यारे त्यानंतर पुन्हा हाती धरायची असा जुना संकेत होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्यांनी जनावर मारता येत नाही. पण निशाणाची हौस गेलेली नाही. उंच झाडाच्या शेंड्याला नारळ बांधतात आणि गावातली माणसे, हल्ली बायकाही, एकामागून एक पुढे येऊन त्याच्यावर बार काढतात. बहुतेकांच्या हाती आता नव्या बंदुका असतात. एखादा म्हातारा मात्र आजोबांची ठासणीची घेऊन येतो, दारू मापून ओततो, गज दोनदा ठोकून पाहतो, आणि बंदूक वर उचलण्यापूर्वी अंगठ्याने माशी पुसून घेतो.